माया मंदिर, झिपलाइन आणि गुहेतील होडी : बेलीजमधील एका दिवसाची नीट आखणी

मध्य अमेरिकेतील बेलीज या छोट्या देशाच्या पश्चिमेला, ग्वातेमालाच्या सीमेलगत, कायो नावाचा जिल्हा आहे. तेथे एकाच दिवसात प्राचीन माया लोकांचे मंदिर चढता येते, जंगलातील झाडांच्या शेंड्यांवरून झिपलाइनने, म्हणजे ताणलेल्या तारेला लोंबकळत घसरत, जाता येते आणि भूमिगत नदीवर होडी वल्हवत गुहेच्या अंधारात शिरता येते. ह्यूस्टनहून आम्ही कुटुंबासह हा दिवस दोनदा केला. पहिल्या वेळी क्रम उलटा लागला : सकाळी गुहा, मग ओल्या कपड्यांवर झिपलाइन आणि शेवटी, भर दुपारच्या उन्हात, मंदिर. झिपलाइनसाठी अंगाला बांधतात त्या हार्नेसच्या पट्ट्यांनी मांड्या सोलवटल्या, बुटांत पाणी साचलेले असताना पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि आम्ही मंदिराच्या माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच पहारेकऱ्यांनी बंद होण्याची वेळ झाल्याचे सांगून खाली उतरवले. दुसऱ्या वेळी क्रम आम्ही स्वतः ठरवला आणि तोच दिवस वेगळा झाला. प्रथमच जाणाऱ्यांना ही दगदग पडू नये म्हणून सगळे टप्पे येथे क्रमाने लिहीत आहे.

१. मुक्काम कोठे करावा

बेलीजचा आंतरराष्ट्रीय विमानतळ बेलीज सिटीजवळ, लेडीव्हिल येथे, म्हणजे देशाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, तर हा सारा परिसर पश्चिमेला आहे. म्हणून विमानातून उतरल्यावर थेट सान इग्नासियो या गावी जाऊन तेथे किमान दोन रात्री मुक्काम करावा. जॉर्ज प्राइस महामार्गाने हे अंतर सुमारे ११५ किलोमीटर आहे आणि दोन-सव्वादोन तास लागतात. पर्यटक-जहाजाने बेलीज सिटीला येऊन एका दिवसात परतणारे लोक सहसा वाटेवरच्या नोहोच चेएन या राखीव क्षेत्रातील गुहांना जातात. तेही चांगले ठिकाण आहे, परंतु जहाजांच्या दिवशी तेथे मोठी गर्दी उसळते. ज्यांच्या हाती वेळ आहे त्यांनी सान इग्नासियोहून शुनान्तुनिचचे मंदिर आणि बार्टन क्रीकची गुहा ही जोडी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व मजकूर याच जोडीला धरून आहे.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी एक सूचना. महामार्ग चांगला असला तरी प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी उंच गतिरोधक आहेत, त्यांतले काही फलकाविना आहेत, आणि अंधारात ते दिसत नाहीत. विमान संध्याकाळी उतरत असेल तर गाडी चालवण्याऐवजी हॉटेलकडून वाहन मागवणे बरे.

२. कागदपत्रे आणि पैसे

भारतीय पारपत्रावर बेलीजला जाण्यासाठी सर्वसाधारणपणे आधी व्हिसा घ्यावा लागतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड किंवा अमेरिकेचा वैध बहुप्रवेश व्हिसा असलेल्यांना यातून सवलत मिळते. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी बेलीजच्या इमिग्रेशन खात्याकडून ते एकदा पडताळून घ्यावेत.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी कुटुंबांनी येथे विशेष सावध राहावे. पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का संपलेला असतानाही नोकरीची मंजुरी चालू असल्यास अनेकजण कॅनडा किंवा मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन परत येतात, कारण त्या दोन देशांसाठी तशी सोय आहे. बेलीज मेक्सिकोला अगदी खेटून असला तरी ही सोय बेलीजला लागू होत नाही. संपलेल्या शिक्क्यावर बेलीजला गेलात तर अमेरिकेत परत शिरणे अवघड होईल. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हे विमानाच्या आदल्या आठवड्यात लक्षात आल्यामुळे सगळे आरक्षण सोडून दिले.

सोबत ठेवायचे कागद असे :

– पारपत्र, आणि त्याच्या पहिल्या व व्हिसाच्या पानाच्या छापील प्रती
– ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी व्हिसा
– परतीच्या तिकिटाची व हॉटेल-आरक्षणाची छापील प्रत
– प्रवासविम्याचा कागद. त्यात झिपलाइन व गुहाभ्रमण स्पष्टपणे समाविष्ट आहे याची खात्री करून घ्यावी, कारण साध्या विम्यातून साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात
– गाडी घेणार असल्यास वाहनपरवाना
– रोजच्या औषधांची चिठ्ठी

गुहेला जाताना मूळ पारपत्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवावे आणि प्रत जवळ बाळगावी.

पैशांची बाब सोपी आहे, पण फसगत येथेच होते. बेलीजचा डॉलर अमेरिकी डॉलरला दोनास एक या ठरलेल्या दराने बांधलेला आहे आणि दोन्ही चलने सर्रास चालतात. त्यामुळे कोणी नुसते ‘शंभर डॉलर’ म्हटले की कोणते शंभर, हे तेथल्या तेथे विचारावे आणि सहलीच्या आरक्षणाच्या संदेशातही लिहून घ्यावे. देशाची राजभाषा इंग्रजी असल्याने हे विचारण्यात काहीच अडचण येत नाही. घड्याळाचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : बेलीजमध्ये उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, म्हणून मार्च ते नोव्हेंबर या काळात तेथील वेळ ह्यूस्टनच्या वेळेपेक्षा एक तास मागे असते.

३. ऋतू पाहून तारीख ठरवणे

फेब्रुवारी ते मे हा कोरडा काळ. जूनपासून पाऊस सुरू होतो आणि जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचाही हंगाम असतो. पावसाळ्यात जंगल अत्यंत देखणे दिसते, परंतु या दिवसातील दोन टप्पे सर्वस्वी पाण्यावर अवलंबून आहेत. मोपान नदीला पूर आला की मंदिराकडे नेणारा तराफा थांबतो, आणि ओढ्याचे पाणी चढले की गुहेत होड्या सोडत नाहीत. सान इग्नासियोमध्ये ऊन असले तरी वरच्या डोंगरांत रात्री पाऊस पडून गेलेला असू शकतो. त्यामुळे गुहा बंद असल्याचे सकाळी कळले तर वाद घालू नये, आणि पैसे परत मिळतील की दिवस बदलून मिळेल, हे आरक्षणाच्या वेळीच ठरवून घ्यावे. दोन रात्रींचा आग्रह मी धरला तो याचसाठी.

४. सहल ठरवताना विचारायचे प्रश्न

सान इग्नासियोच्या मुख्य रस्त्यावर सहल लावून देणारी अनेक दुकाने आहेत आणि सगळ्यांचे फलक सारखेच दिसतात. तेथे गेल्यावर पुढील गोष्टी विचाराव्यात. गाईडकडे बेलीज पर्यटन मंडळाचा परवाना आहे का? परवानाधारक गाईड ओळखपत्र गळ्यात घालतात, ते पाहण्यास मागणे गैर नाही. दिवसाचा क्रम मंदिर, झिपलाइन, गुहा असाच राहील का? एका गाईडमागे किती माणसे असतील? प्रवेशशुल्क, जेवण आणि हेल्मेट-दिवे किमतीत धरले आहेत का? गाडी चारही चाकांना ओढ असलेली (फोर-व्हील ड्राइव्ह) आहे का? हा शेवटचा प्रश्न फुटकळ वाटेल, पण जॉर्जव्हिल या गावाहून बार्टन क्रीककडे वळणारा रस्ता कच्चा आहे आणि वाटेत गाडी ओढ्याच्या पाण्यातूनच पलीकडे न्यावी लागते.

क्रमाबद्दल दुकानदार बहुतेक वेळा सांगतात की सगळे एकच आहे, गुहा आधी केली तरी चालते. ते मानू नये. सकाळी मंदिरावर सावली व शांतता असते, झिपलाइनला कोरडे कपडे लागतात, आणि गुहेत आत गेल्यावर सकाळ काय नि दुपार काय, अंधार तेवढाच असतो. ओले होण्याचे काम शेवटी ठेवले की उरलेला दिवस आपोआप जागेवर बसतो.

वजन, वय आणि प्रकृती यांविषयी काहीही लपवू नये. झिपलाइनला वजनाची वरची व खालची मर्यादा असते आणि ती प्रत्येक ठिकाणी निराळी असते. गरोदर स्त्रिया, पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे असलेल्या व्यक्ती यांनी झिपलाइन टाळावी. गुहा मात्र होडीत बसूनच पाहायची असल्याने, होडीत चढता-उतरता येणाऱ्या ज्येष्ठांनाही ती झेपते. माझ्या सासूबाईंनी वयाच्या सत्तराव्या वर्षी झिपलाइनच्या वेळी खाली बाकावर बसून गाईडच्या बहिणीशी गप्पा मारल्या आणि गुहेत मात्र सर्वांत पुढच्या होडीत बसल्या.

५. अंगावर काय, पिशवीत काय

लवकर वाळणारी गुडघ्यापर्यंतची विजार, अंगाला बसणारा सदरा आणि घोट्याला पट्ट्याने बांधता येणारे, भिजले तरी चालणारे बूट किंवा सँडल घालावेत. साधी चप्पल तिन्ही ठिकाणी निरुपयोगी. जीन्स ओली झाली की जड होते आणि वाळत नाही. लांब केस घट्ट बांधावेत, ओढणी, साखळी, मंगळसूत्र, कानातले लोंबते दागिने हॉटेलवरच ठेवावेत, कारण झिपलाइनच्या कप्पीत अडकण्याचा धोका खरा आहे. कपड्यांचा एक कोरडा जोड आणि टॉवेल गाडीतच ठेवावा. पाणी प्रत्येकी दोन लिटर तरी घ्यावे. चष्मा असल्यास मागून दोरी लावावी.

हिवतापाच्या दृष्टीने काळजी कमी झाली आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये बेलीजला हिवतापमुक्त घोषित केले. डेंग्यूचे डास मात्र आहेत, म्हणून डास पळवणारे मलम सकाळीच लावावे आणि गुहेत शिरण्यापूर्वी हातपाय पुसून घ्यावेत, म्हणजे ते नदीत मिसळणार नाही. अंगावर उघडी जखम असेल तर जलरोधक पट्टी लावावी. पावसाळ्यातील साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो आपल्याला ठाऊक आहेच, आणि नदीच्या पाण्यातही तीच खबरदारी लागते. गुहेत वटवाघळे आहेत, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शाकाहारी मंडळींसाठी : सहलीच्या जेवणात मिळणारा बेलीजचा प्रसिद्ध राजमा-भात नारळाच्या दुधात शिजवतात, पण त्यात खारवलेले डुकराचे मांस घालण्याची जुनी पद्धत आहे. नुसते ‘शाकाहारी’ म्हणू नये, ‘मांस न घालता शिजवलेला’ असे सांगावे. सकाळी फ्राय जॅक मागवावा, ती आपल्या पुरीसारखी फुगलेली तळणी असते आणि परतलेल्या राजम्याबरोबर पोटभर होते.

६. पहिला टप्पा : शुनान्तुनिच

सान इग्नासियोहून बेंके व्हियेहो या गावाच्या दिशेने निघाले की सुमारे १० किलोमीटरवर सान होसे सुकोत्स हे गाव लागते. स्वतः जाणाऱ्यांना बसही मिळते. या बस म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या शाळांच्या गाड्या आहेत. मंदिराचे आवार सकाळी उघडते त्या वेळी नदीकाठी हजर राहावे.

मोपान नदी ओलांडायला आम्हाला हाताने फिरवायचा तराफा मिळाला. लाकडी फळ्यांचा हा सपाट तराफा एका पोलादी तारेला अडकवलेला असतो आणि तराफेवाला बाजूची मूठ गोल फिरवत राहतो, तशी ती तार पाण्यातून ठिबकत वर येते, चाकावरून सरकते आणि पुन्हा पाण्यात जाते. आमच्या मुलाला त्याने मूठ हातात दिली. दहा फेऱ्यांत मुलाचे खांदे भरून आले, आणि तराफा मधल्या प्रवाहात जेमतेम पोहोचला होता. यंत्राचा आवाज नसल्याने काठावरच्या झाडांतील पक्षी आणि दूरवर ओरडणारी हाऊलर माकडे स्वच्छ ऐकू येत होती. तराफ्यावर गाडी चढवताना चालकाखेरीज सर्वांनी उतरून पायी चढावे, हा तेथील नियम आहे व तो पाळावा.

पलीकडून सुमारे दीड किलोमीटरचा चढ आहे. वर पोहोचताच समोर एल कास्तियो हे मुख्य मंदिर दिसते. त्याची उंची सुमारे ४० मीटर आहे आणि बेलीजमधील सर्वांत उंच प्राचीन वास्तूंत त्याची गणना होते. या नगरीचा भरभराटीचा काळ साधारण इ. स. ६०० ते ९०० असा सांगतात, म्हणजे आसपासची अनेक माया नगरे ओस पडत असतानाही येथे वस्ती टिकून होती. शुनान्तुनिच हे नाव मात्र अलीकडचे आहे. त्याचा अर्थ ‘दगडाची स्त्री’, आणि मंदिराजवळ दिसून नाहीशा होणाऱ्या एका शुभ्रवस्त्रा स्त्रीची दंतकथा त्यामागे आहे.

चढण्यापूर्वी पाच मिनिटे खाली उभे राहून भिंतीवरील चुनेगच्चीची शिल्पपट्टी पाहावी. देवतांचे मुखवटे व आकाशातील ज्योतींची चिन्हे तिच्यावर आहेत. दिसते ती फायबरग्लासची प्रतिकृती आहे. मूळ पट्टी ऊनपावसापासून वाचावी म्हणून तिच्या आत झाकून ठेवली आहे. हे आधी माहीत नसले की ‘खोटी आहे’ म्हणून लोक पाठ फिरवतात, आणि मागे सुरक्षित असलेल्या हजार-बाराशे वर्षांच्या हस्तकौशल्याचा विचारच करत नाहीत.

पायऱ्या उंच व अरुंद आहेत, माथ्यावर कठडा जवळपास नाही. गड चढण्याची सवय असलेल्यांना चढ अवघड वाटणार नाही, पण उतरताना तिरपे उभे राहून एकेक पायरी उतरावी आणि मुलांचा हात सोडू नये. वरून पश्चिमेला ग्वातेमालाचा प्रदेश दिसतो. साडेदहापर्यंत खाली यावे.

७. दुसरा टप्पा : झिपलाइन

गाडी आता उलट दिशेने, सान इग्नासियो ओलांडून जॉर्जव्हिलला येते आणि दक्षिणेला कच्च्या रस्त्याला लागते. हा तासाभराचा प्रवास आहे. वाटेत मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या घोडागाड्या दिसतात. त्यांतील जुन्या वळणाचे लोक मोटार व वीज वापरत नाहीत. त्यांना छायाचित्रे आवडत नाहीत, तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा.

झिपलाइनपूर्वी एका जबाबदारीपत्रावर सही घेतात. ते वाचावे. मग हार्नेस चढवतात : मांड्यांच्या पट्ट्या बसल्यावर दोन बोटे जातील इतक्या घट्ट हव्यात आणि कंबरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर हवा. निघण्यापूर्वी तारेला तुम्हाला जोडणारे कॅराबिनर (धातूच्या बंद कड्या) दोन आहेत ना आणि दोन्हींचे कुलूप फिरवलेले आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. प्रत्येक मंचावर एक कॅराबिनर सोडण्यापूर्वी दुसरा जोडलेला असला पाहिजे.

ब्रेक हाताने लावायचा असेल तर जाड चामडी मोज्याचा हात कप्पीच्या मागे, तारेवर अलगद ठेवायचा असतो. कप्पीच्या पुढे हात कधीही नेऊ नये, बोटे चिरडतात. घाबरून आधीच ब्रेक दाबला तर माणूस मध्येच थांबतो. तसे झाल्यास घाबरू नये, पाठ मंचाकडे करून दोन्ही हातांनी तार मागे-मागे ओढत यावे, किंवा गाईड येईपर्यंत तसेच लोंबकळत राहावे.

८. तिसरा टप्पा : बार्टन क्रीकची गुहा

पिशव्या गाडीत ठेवून काठावर आलात की समोर हिरव्या पाण्याचा डोह आणि त्यामागे गुहेचे तोंड दिसते. जीवरक्षक जाकीट व हेल्मेट घालून होडीत बसायचे. येथे बहुधा लांब कॅनो मिळते, काही जण कयाक देतात. कॅनोत मागे गाईड आणि पुढे पर्यटक असतो, आणि पुढच्याच्या हाती बॅटरीला जोडलेला मोठा दिवा असतो. होडीत उभे राहू नये, दोन्ही हात होडीच्या आत ठेवावेत, आणि छत खाली येते तेथे मान नाही, तर कंबरेतून पुढे वाकावे.

माया लोकांसाठी गुहा ही पाताळाची वाट होती. पाऊस देणारा चाक हा देव आणि पूर्वज तेथे वसतात अशी त्यांची श्रद्धा होती, आणि दुष्काळाच्या काळात अर्पणे घेऊन ते आत, फार आत जात. या गुहेत पुरातत्त्वज्ञांना किमान २८ व्यक्तींचे अवशेष सापडले आहेत. म्हणून हे मौजमजेचे ठिकाण समजून तेथे ओरडू नये, गाणी लावू नयेत, ही कळकळीची विनंती. ज्या जागी एखाद्या समाजाने आपले मृत आणि आपली पावसाची याचना ठेवली, त्या जागी पाहुण्याने आवाज खाली ठेवावा.

आम्ही साधारण अर्धा तास आत गेल्यावर गाईडने दिवा डावीकडच्या उंच कपारीवर वळवायला सांगितले. तेथे एक मडके आडवे पडले होते. त्याची कड तुटलेली होती, पोटावर चुनखडीचा पातळ, चमकदार लेप चढून ते खडकाला चिकटले होते, आणि जवळच एका लवणस्तंभाच्या टोकावरून थेंब पडत होता. सासूबाईंनी न सांगताच हात जोडले. नंतर सर्वांनी दिवे बंद केले. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा तळवा दिसत नव्हता, फक्त वल्ह्यावरून ठिबकणारे पाणी ऐकू येत होते. ही दोन मिनिटे गाईड आपणहून देत नसेल तर मागून घ्यावीत.

कपारींवर चढण्यास मनाई आहे. लवणस्तंभांनाही हात लावू नये, कारण तळव्याचा तेलकटपणा दगडावर बसला की पाण्यातील चुना तेथे साचत नाही आणि शतकानुशतके चाललेली वाढ त्या जागी थांबते. छायाचित्रांविषयी गाईडला आधी विचारावे. याच जिल्ह्यातील आक्तुन तुनिचिल मुक्नाल या गुहेत पर्यटकाच्या हातून कॅमेरा पडून प्राचीन कवटीला भोक पडले आणि २०१२ पासून तेथे कॅमेरा नेण्यासच बंदी झाली. फोन नेलाच तर दोरीने गळ्यात बांधलेल्या जलरोधक पिशवीत ठेवावा.

होडीने जाण्याजोगा पल्ला दीड किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन दीड तास धरावा. बाहेर येताना गुहेचे तोंड आधी नाण्याएवढे हिरवे दिसते. तेव्हा डोळे दिपतात, वल्हवणाऱ्याने वेग कमी करावा.

९. परतणे

साडेतीन-चारपर्यंत निघावे, कारण ओढ्याचे पाणी दिवसाउजेडी पार करणे सुरक्षित असते. कोरडे कपडे गाडीजवळच बदलावेत. गाईडला बक्षिसी रोख द्यावी. तराफेवाल्यालाही सकाळीच थोडे पैसे द्यावेत, कारण नदी ओलांडण्याचे वेगळे भाडे आमच्याकडून कोणी घेतले नव्हते. हॉटेलवर पोहोचताच बुटांतील गाळ धुऊन टाकावा व ते पंख्याखाली ठेवावेत. बेलीजमध्ये विजेचे सॉकेट अमेरिकेसारखेच असल्याने तेथून आणलेली उपकरणे तशीच चालतात, मात्र भारतातून थेट येणाऱ्यांनी जोडणी (अ‍ॅडाप्टर) आणि ११० व्होल्टवर चालणारी उपकरणे घेऊन यावे.